सुईआधीचा प्रश्न



डोंबिवलीतील एक मध्यमवर्गीय घर क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. सून ३६ वर्षांची, शाळेत शिक्षिका. लग्नानंतर बऱ्याच प्रतीक्षेने दिवस राहिलेले. तेराव्या आठवड्यात रक्ततपासणी आणि सोनोग्राफी यांचा मिळून एक कागद घरी येतो. कागदावर एक आकडा असतो, १:१५०, आणि त्याखाली ठळक अक्षरांत दोन शब्द : 'हाय रिस्क'. डॉक्टरांनी गर्भजल परीक्षा सुचविलेली असते आणि तीन आठवड्यांनंतरची तारीखही दिलेली असते. रात्री जेवणे आटोपल्यावर तो कागद टेबलावर येतो.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं गं बाई," सासूबाई म्हणतात. "पोटात सुई घालायची म्हणजे ऐकूनच धडकी भरते."

"आई, रिपोर्ट नॉर्मल आला की सगळ्यांचं मन शांत होईल. तेवढ्यासाठीच करायची," मुलगा समजावतो.

"आणि नाही आला तर?" सून विचारते.

त्यावर कोणी बोलत नाही. सासूबाई भांडी आवरायला उठतात, मुलगा कागदाची घडी घालून फाइलमध्ये ठेवतो. हे घर काल्पनिक आहे, पण ही शांतता काल्पनिक नाही. आज शहरांतील असंख्य घरांत ती उतरते आणि तिथेच विषय संपतो. ठरलेल्या दिवशी सून परीक्षेला जाते, कारण तारीख मिळालेली असते.

आजच्या विवेचनाचा विषय ती शांतता हाच आहे. गर्भजल परीक्षा करावी की करू नये, याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणारे नाही. परंतु 'नाही आला तर?' हा सुनेचा प्रश्न सुईच्या आधी विचारला गेला पाहिजे. सुईनंतर तो विचारणे म्हणजे अतिशय कोवळ्या जिवावर अतिशय घाईचा निर्णय लादणे होय.

प्रथम त्या कागदाविषयी. १:१५० याचा अर्थ असा की, अशा १५० गर्भवतींपैकी एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असण्याचा संभव आहे आणि १४९ जणींच्या बाळांना तो नाही. सामान्यतः १:२५० च्या आसपास मर्यादारेषा आखलेली असते. तिच्या अलीकडचा आकडा आला की यंत्र 'हाय रिस्क' छापते. छापणाऱ्याला त्यात काही वाटत नाही, वाचणाऱ्या घराची मात्र झोप उडते. डबल मार्कर, क्वाड्रपल मार्कर या तपासण्या म्हणजे चाळण्या आहेत. चाळणीचे काम धान्य बाजूला काढण्याचे, ते सडके आहे की चांगले हे ठरविण्याचे नव्हे.

हिशेब मांडला की हे अधिक स्पष्ट होते. डाउन सिंड्रोमचे प्रमाण हजारात एक आहे, अशा तरुण वयोगटातील १०,००० गर्भवती घेतल्या, तर त्यांत खरोखर बाधित गर्भ सुमारे १० असतील. पहिल्या तिमाहीतील रक्त व सोनोग्राफी यांची एकत्रित चाळणी त्यांपैकी आठ-नऊ हेरते. पण त्याचबरोबर सुमारे पाच टक्के, म्हणजे जवळजवळ ५०० निरोगी गर्भांवरही बोट ठेवते. 'हाय रिस्क' हे शब्द ऐकून रडणाऱ्या पाचशेहून अधिक मातांपैकी जेमतेम नऊ जणींच्या बाबतीत ते खरे असतात. अलीकडे मातेच्या रक्तात मिसळलेल्या गर्भाच्या, खरे म्हणजे वारेच्या, डीएनएचे अंश तपासणारी 'एनआयपीटी' ही चाचणी आली आहे. दहाव्या आठवड्यापासून ती करता येते. ती पुष्कळच नेमकी आहे, महागही आहे. परंतु तीही चाळणीच. हजारात एक चुकीचा इशारा धरला, तरी वरच्याच १०,००० जणींत सुमारे दहा खरे आणि दहा खोटे इशारे येतील. केवळ तिच्या भरवशावर गर्भपाताचा निर्णय घेणे हे शास्त्राला धरून नाही, आणि जाणते डॉक्टर तसे सांगतातही.

निदान होते ते दोन मार्गांनी. अकराव्या ते तेराव्या आठवड्यांत वारेचा सूक्ष्म अंश काढून तपासता येतो. त्याला कोरिऑनिक व्हिलस सॅम्पलिंग म्हणतात. पंधराव्या-सोळाव्या आठवड्यापासून गर्भजल परीक्षा करता येते. सोनोग्राफीच्या पडद्यावर गर्भ आणि वार पाहत पाहत पोटावरून बारीक सुई आत सरकवितात आणि साधारण १५ ते २० मिलिलिटर गर्भजल काढून घेतात. त्यात बाळाच्या त्वचेच्या वगैरे पेशी तरंगत असतात, त्यांतील गुणसूत्रे तपासली जातात. सारा प्रकार काही मिनिटांचा असतो. मातेचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते. ही गोष्ट घरच्यांनी स्वतःहून डॉक्टरांच्या कानावर घातलेली बरी.

सासूबाईंची धडकी अगदीच निराधार नाही. या परीक्षेने गर्भपात होण्याचा धोका पूर्वी शंभरात एक, दोनशेत एक असा सांगितला जाई. आज अनुभवी हातांत तो हजारात एक ते तीन इतका उतरल्याचे मानले जाते. 'अनुभवी हातांत' हे शब्द येथे महत्त्वाचे. ज्या केंद्रात ही परीक्षा नित्य होते आणि जेथे ती वर्षाकाठी चार-दोन वेळा होते, त्यांत फरक असणारच. "डॉक्टरसाहेब, आपण महिन्याला अशा किती परीक्षा करता?" असे विचारण्यात उद्धटपणा नाही. सोनार निवडताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो.

आता दिनदर्शिका पाहावी, कारण या विषयातील सर्वांत कठोर गोष्ट तीत दडलेली आहे. परीक्षा सोळाव्या आठवड्यात. काही प्रमुख गुणसूत्रांचा प्राथमिक निष्कर्ष दोन-तीन दिवसांत मिळू शकतो. पेशी वाढवून केलेली संपूर्ण गुणसूत्र तपासणी साधारण दोन आठवडे घेते. म्हणजे अहवाल हाती येतो तेव्हा अठरावा आठवडा उलटत असतो. पहिलटकरणीला बाळाची हालचाल प्रथम जाणवते तीही याच सुमारास. ज्या आठवड्यात ते आतून पहिल्यांदा ढुशी देते, त्याच आठवड्यात त्याच्याविषयी निर्णय घ्या म्हणून कागद समोर येतो. तेव्हा प्रथमच विचार सुरू करणाऱ्या मातेची अवस्था काय होत असेल, हे पुरुषांनी केवळ कल्पनेनेच जाणायचे. म्हणून डोंबिवलीच्या त्या घराला मिळालेले तीन आठवडे मोलाचे आहेत. ते सुईची वाट पाहण्यात जाऊ नयेत.

त्या तीन आठवड्यांत पती-पत्नींनी एकमेकांना काय विचारायचे? अहवाल वाईट आला तर आपण काय करू, हे तर खरेच. पण त्याही आधी हे की, आपल्याला कळून घ्यायचे आहे का? काही दांपत्यांचा निश्चय असतो की, येईल ते बाळ आपले. त्यांनी परीक्षा टाळली, तर ते अडाणी ठरत नाहीत. हजारात एकाचा का होईना, जो धोका पत्करून मिळणाऱ्या माहितीने त्यांच्या वागण्यात काहीच बदल होणार नाही, तो धोका त्यांनी का पत्करावा? उलट, बाळ ठेवायचे हा निश्चय असूनही काहींना आधी कळलेले हवे असते. तेही योग्यच. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयदोष असतो. तो आधी माहीत असेल तर प्रसूती कोपऱ्यावरच्या प्रसूतिगृहाऐवजी बालहृदयतज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयात करता येते. मन तयार करायलाही वेळ मिळतो, आणि घरातील वडीलधाऱ्यांना हलकेहलके सांगता येते. निदान म्हणजे गर्भपाताची चिठ्ठीच, हा समज डॉक्टरांच्या खोलीतही कधी कधी डोकावतो. तो सोडला पाहिजे.

आणि तिसरे दांपत्य असे असते की, ज्यांना एवढा भार आपल्याला पेलणार नाही असे प्रामाणिकपणे वाटते. त्यांच्यावर निर्दयतेचा शिक्का मारण्याची घाई व्यासपीठावरून करू नये. जो निर्णय घेऊन त्यांना आयुष्यभर जगायचे आहे, तो टाळ्यांसाठी सोपा करून सांगता येत नाही.

या विषयावर बोलताना महाराष्ट्राला आपला इतिहास विसरता येत नाही. गर्भजल परीक्षा भारतात आली ती १९७५ च्या सुमारास, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, आणि गर्भातील दोष शोधण्यासाठी आली. थोड्याच काळात तिचा उपयोग कशासाठी होऊ लागला, हे सर्वांना ठाऊक आहे. आज पाचशे रुपये खर्चून उद्याच्या हुंड्याचे पन्नास हजार वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती एके काळी या देशात उजळ माथ्याने झळकत होत्या. त्याविरुद्ध पहिला कायदा करणारे राज्य महाराष्ट्रच होते, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि २००३ साली अधिक कडक झाला. एवढे होऊनही २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ९१३ मुली असलेल्या महाराष्ट्रात २०११ साली ८९४ च उरल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. मातृशक्तीचा जयजयकार करणाऱ्या समाजात हे घडले. पुंसवन संस्काराचा अर्थ आजही किती घरांत 'मुलगाच हवा' एवढाच घेतला जातो, हेही एकदा मोकळेपणाने बोलायला हवे.

काहींचे म्हणणे असे पडते की, मुलगी नको म्हणून केलेली निवड आणि व्यंग नको म्हणून केलेली निवड, दोन्ही एकच. हे म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखे नाही. तथापि दोन्हींत अंतर आहे. मुलगी असणे हा आजार नव्हे. ज्या वेदना, शस्त्रक्रिया आणि अकाली मृत्यू काही जन्मजात व्याधींबरोबर येतात, ते वास्तव आहेत. पण 'लोक काय म्हणतील', 'खानदानात असे कधी नव्हते', हीच कारणे जेव्हा व्यंगाच्या बाबतीतही पुढे येतात, तेव्हा ते अंतर पुसट होते. निर्णयामागे बाळाची वेदना आहे की आपली लाज, हे ज्याचे त्याने तपासायचे.

या संदर्भात कायद्यातील एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. प्रसवपूर्व निदानासाठी लेखी संमती लागते ती गर्भवती स्त्रीची, तिला समजेल अशा भाषेत, सर्व ज्ञात दुष्परिणाम सांगून. आणि त्या संमतिपत्राची प्रत तिला द्यावी लागते. पतीची संमती कायदा मागत नाही, सासू-सासऱ्यांची तर नाहीच. कायद्याने मान्य केलेल्या कारणांशिवाय अशी परीक्षा करून घेण्यासाठी पतीने वा नातेवाइकाने भरीस घालणे हाही गुन्हा आहे. मान्य कारणांत ३५ वर्षांवरील वय, पूर्वी दोन वा अधिक वेळा आपोआप गर्भ जाणे, घराण्यातील मतिमंदत्व वा आनुवंशिक व्याधीचा इतिहास अशी कारणे येतात. गर्भपाताच्या कायद्यातही प्रौढ स्त्रीचीच संमती निर्णायक असते. एकत्र कुटुंबाचे मोठेपण आधार देण्यात आहे. सही तिची आहे, हे त्याने ओळखलेले बरे.

वेळेच्या मर्यादेविषयीही गैरसमज आहेत. १९७१ च्या कायद्याने घातलेली मर्यादा २० आठवड्यांची होती. २००८ साली मुंबईतील एक दांपत्य गर्भाच्या हृदयाचा गंभीर दोष उशिरा कळल्याने उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने परवानगी नाकारली आणि त्यावर देशभर चर्चा झाली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने निदान केल्यास चोवीस आठवड्यांची मर्यादाही आड येत नाही. त्यामुळे अहवाल आला त्याच दिवशी निर्णय झाला पाहिजे, अशी घाई कायद्याने लादलेली नाही.

अहवाल काय सांगू शकत नाही, हेही ऐकले पाहिजे. डाउन सिंड्रोमचे कारण एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत आहे, हे १९५९ साली फ्रेंच डॉक्टर जेरोम लेज्यून यांच्या चमूने जगापुढे मांडले. आपल्या संशोधनाचा उपयोग ही बाळे जन्माला येऊ नयेत म्हणून केला जावा, याला त्यांनी पुढे आयुष्यभर विरोध केला. गुणसूत्रांचा नकाशा त्या मुलाचे हसू सांगत नाही. ते किती बोलेल, स्वतःचे कपडे स्वतः घालील का, शाळेत कोणत्या इयत्तेपर्यंत जाईल, हे सोळाव्या आठवड्यात कोणीही सांगू शकत नाही. पाश्चात्त्य देशांत १९८० च्या दशकाच्या प्रारंभी या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होते. आज ते ६० च्या घरात पोहोचले आहे. बदल गुणसूत्रांत झालेला नाही. हृदयाच्या शस्त्रक्रिया आल्या आणि ही मुले संस्थांच्या कोपऱ्यातून घरात आली, त्याचा यात मोठा वाटा आहे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. स्वच्छ अहवाल म्हणजे निर्दोष बाळाची हमी नव्हे. स्वमग्नता, जन्मताना होणारी इजा, कितीतरी गोष्टी त्या कागदावर येतच नाहीत.

सगळ्या व्याधींचे गणित मात्र सारखे नाही. थॅलेसेमियाचे उदाहरण घ्यावे. सिंधी, लोहाणा, कच्छी, पंजाबी समाजांत याचे वाहक अधिक आढळतात, पण मराठी घरेही यातून सुटलेली नाहीत. वाहक असलेली व्यक्ती स्वतः निरोगी असते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ गंभीर थॅलेसेमियाचे असण्याचा संभव चारात एक. दीडशेत एक आणि चारात एक, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. त्या बाळाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी रोज औषध, आणि अस्थिमज्जा-रोपण जमले तरच सुटका. येथे निदान अकराव्या आठवड्यात होऊ शकते आणि ते करून घेण्याचे कारणही पुष्कळ बळकट ठरते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्थेत रक्ताच्या अशा आनुवंशिक विकारांचे प्रसवपूर्व निदान होते. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचा प्रश्न आहे. तेथे पुन्हा वेगळा विचार लागतो, कारण एकाच व्याधीची मुले एक जवळजवळ सुखरूप तर दुसरे सतत रुग्णालयात, असे दिसते. २०२३ च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाचा भर म्हणूनच मुळात वाहक ओळखण्यावर आहे. विवाह जुळवताना पत्रिका पाहणाऱ्यांनी त्यासोबत एचपीएलसी ही रक्ताची एक तपासणी पाहिली, तर गर्भजलापर्यंतचे कितीतरी अश्रू वाचतील. गुण छत्तीस जुळले आणि दोघेही वाहक निघाले, असे घडू शकते.

महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राची कथा येते. गर्भातून पित्याच्या पठणातील दोष दाखविणारे ते बाळ, संतापलेल्या कहोडाने दिलेला शाप, आठ ठिकाणी वाकलेले शरीर आणि पुढे जनकाच्या सभेत बंदीचा पराभव, हे सर्वजण सांगतात. कथेतील सुजाता फारशी कुणाला आठवत नाही. दहावा महिना लागला, घरात द्रव्य नाही, आता निभावायचे कसे, असे ती पतीला एकांतात विचारते. गर्भाविषयी बोलले पित्याने, शापही त्यानेच दिला. निभावण्याची चिंता आईला. आजही व्यंग असलेल्या मुलाला वाढविणारी आई नोकरी सोडते, रजा काढून थेरपीला नेते, आणि वडील फी भरतात. सन्माननीय अपवाद आहेत, पण ते अपवादच.

सुजातेचा प्रश्न समाजाला उद्देशून आहे, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. 'ठेवायचे ठरवले' हे वाक्य उच्चारायला मातेला बळ लागते, आणि ते केवळ उपदेशाने येत नाही. मुंबईतील जय वकील शाळा, पुण्यातील कामायनी यांसारख्या संस्थांनी हे काम अनेक दशके चालविले. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींना प्रौढ झाल्यावरही कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली. 'आमच्यानंतर याचे कोण?' या प्रत्येक पालकाच्या रात्रीच्या प्रश्नाला दिलेले ते एक अपुरे, पण खरे उत्तर आहे. त्याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंतचे आरोग्य-विमासंरक्षण मिळते. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, त्यांत थॅलेसेमिया आणि सिकलसेलही आले. गर्भपात करू नका असे सुनेला सांगणारे जे पुढे येतात, त्यांच्यापैकी किती जणांना या कायद्यांची नावे ठाऊक असतात? आणि आपल्या सोसायटीच्या बागेत तसे मूल आले की, आपली मुले उचलून नेणाऱ्यांत ते असतात की नसतात?

डोंबिवलीच्या घरात परतू या. दुसऱ्या रविवारी सासूबाई स्वतःच विषय काढतात. त्यांच्या माहेरी एक चुलतभाऊ होता, 'वेडा' म्हणून माडीवर ठेवलेला. पाहुणे आले की जिन्याचे दार लावून घेत. चाळीस वर्षांत त्या हे कुणाला बोलल्या नव्हत्या.

"तो गाणी फार छान म्हणायचा गं," त्या सांगतात. "तुम्ही दोघं काय ते ठरवा. पण दार लावून घ्यायचं नाही, एवढं मी बघीन."

सून काही वेळ बोलत नाही. मग फाइल काढून ती तो कागद पुन्हा उलगडते आणि मागच्या कोऱ्या बाजूवर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहू लागते. पहिला प्रश्न सुईच्या धोक्याचा असतो. दुसरा, परीक्षा करायचीच नाही असे ठरले तर पुढच्या सोनोग्राफ्यांतून काय काय कळेल, याचा. तिसरा प्रश्न लिहायच्या आधी ती नवऱ्याकडे पाहते आणि तो खुर्ची ओढून शेजारी बसतो.